बोलत पळ

३ मार्च

परवानगी मिळाली! पळायची!

सरळबाईंनी आज मला एका पायावर उभं केलं, मग दुसऱ्या, मग टाचांवर, मग चवड्यांवर. हातोडीने गुडघे ठोकले आणि म्हणाल्या, "करा सुरुवात." सरळबाई म्हणजे माझ्या पाठीचे व्यायाम घेणाऱ्या डॉक्टर. माझ्याहून पुष्कळ लहान आहेत, पण दारातून येणाऱ्या प्रत्येकाला आधी "सरळ बसा" म्हणतात. हे नाव मी ठेवलंय, त्यांना अर्थात माहीत नाही.

ऑक्टोबरात आमच्या चष्म्याच्या दुकानातलं फ्रेमांचं काचेचं कपाट मी एकटीने सरकवायला गेले आणि कमरेतली मणक्यामधली गादी सरकली. कपाट जागचं हललं नाही. मग काही आठवडे आडवी, काही आठवडे काठी टेकत, आणि नंतर भिंतीला पाय लावून करायचे ते कंटाळवाणे व्यायाम. आम्ही घरात दोघंच, मी आणि बाबा. बाबांनी स्वयंपाक, धुणी, भांडी सगळं केलं. मला वाकता येत नव्हतं तेव्हा चपलांचे बंदसुद्धा त्यांनीच लावले. जन्मभर बस चालवलेला माणूस, पण मी पाणी मागायच्या आत पेला हजर.

आता नियम. सपाट मातीवरच पळायचं. थोडं पळा, थोडं चाला, पुन्हा थोडं पळा. आणि मुख्य म्हणजे बोलत पळायचं. ज्या वेगात गप्पा मारता येतील तोच माझा वेग, वाक्य मध्येच तुटलं की वेग जास्त झाला. शिवाय "दुखतंय" हा शब्द त्यांच्या खोलीत चालत नाही. त्या म्हणतात, दुखण्याची जात सांगा. रग आली तर पळा. चमक मारली तर चाला. पायात मुंग्या आल्या किंवा पाय बधिर झाला तर घरी जा आणि त्याच दिवशी मला सांगा. पुन्हा सरकली तर शस्त्रक्रिया, हेही त्यांनी गोड आवाजात सांगून टाकलं.

मला काय हवंय ते लिहून ठेवते. तळ्याची अख्खी फेरी, एकदाही न थांबता, जून संपायच्या आत. बस, एवढंच. पण ते हवंच आहे.

अडचण एकच. मी आजवर एकटी पळाले, गप्प आणि जोरात. बोलू कुणाशी? जेवताना बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मी सायकल काढतो."

५ मार्च

पहिला दिवस. पळाले! खरं तर भराभर चालणाऱ्या दोन आज्या मला मागे टाकून गेल्या, आणि त्यातली एक फोनवर बोलत होती. तरी ते पळणंच होतं, माझी शप्पथ.

बाबा मागून सायकलवर. उन्हं धड वर आली नव्हती तरी डोळ्यांवर काळा चष्मा. मी म्हटलं, "काय हो, कुणाला चुकवताय?" तर म्हणाले, "धूळ जाते." आणि फेरी उलटी घ्यायची म्हणे, ऊन पाठीवर येईल अशी. मी वर्षानुवर्षं उजवीकडून पळत आले, पण हट्ट म्हणजे हट्ट. "तोंडावर ऊन घेऊन कोण गाडी चालवतं? ड्रायव्हरला विचार," असं म्हणून त्यांनी सायकल वळवलीसुद्धा.

बोलायचं काय हे सुचेना. शेवटी दुकानातली गिऱ्हाइकं सांगत सुटले. जरा थांबले की मागून आवाज, "बोल." सरळबाईंनी इतका कडक पहारेकरी पगार देऊनही आणला नसता.

११ मार्च

दुकानात दिवसभर बसता येतंय. धाकटीने (माझी बहीण, दुकानातली भागीदार, जिभेला हाड नाही) मला उंच खुर्ची आणून दिली आणि कपाटावर चिठ्ठी लावली, "ताईने हात लावू नये."

आज एक गृहस्थ आले. गाडीच्या परवान्यासाठी नजरेचा दाखला हवा होता. मी एक डोळा झाकायला सांगितला आणि गृहस्थांनी शेवटची ओळ म्हणून टाकली, धडाधड. मी तक्ता फिरवला. मागच्या बाजूला आमची लहान मुलांसाठीची चित्रं आहेत, घर, होडी, छत्री. गृहस्थांना वरच्या ओळीतलं घरही सांगता येईना.

पाठ करून येणारे मला लांबून कळतात. खरं वाचणारा माणूस शेवटच्या ओळीत चाचपडतो, मान पुढे काढतो, "हे 'ग' की 'म'?" असं विचारतो. पाठ करणारा अडखळत नाही. मोठी माणसं, मुलाबाळांची, आणि परीक्षेला बसल्यासारखी खोटं बोलतात. फसवतात कुणाला? दाखला मिळेल, पण समोरची गाडी दिसायची ती दिसणारच नाही. संध्याकाळी जेवताना हे सगळं बाबांना रंगवून सांगितलं. ते खूप हसले नाहीत. म्हणाले, "त्याला घर चालवायचं असेल."

१९ मार्च

पळण्याचे तुकडे लांबले, चालण्याचे आखूड झाले. दुखण्याची जात, रग. छान, भरपूर, कमावलेली रग. जिना चढताना मांड्या कुरकुरतात तेव्हा मला जाम आनंद होतो.

बाबांनी आज कुंपणावर वाळत टाकलेल्या माळ्याच्या कोटाला हात केला. "काय, बरंय ना?" असंही विचारलं. मी हसून लोटपोट. हसताना कंबर दुखली नाही, याची नोंद. या वयात त्यांना मस्करी सुचते याचं बरं वाटतं. आमटीत मात्र दोनदा मीठ पडलं. हात सैल झालाय, सांगायला हवं.

२८ मार्च

औषधाच्या डबीवरची तारीख बाबांना वाचायला दिली तर म्हणाले, "चष्मा सापडत नाही." चष्मेवालीच्या घरात चष्मा सापडत नाही! ओढतच दुकानात नेलं, डबा घेऊन तसेही ते रोज येतात आणि तक्त्यासमोरच्या बाकावर माझी वाट बघत बसतात. खुर्चीत बसवलं, डोळा झाकला. शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड, एकदाही अडखळले नाहीत. दुसरा डोळाही तसाच. धाकटी म्हणाली, "बाबांची नजर आपल्या दोघींपेक्षा बरी." मी नाकावरचा चष्मा सावरत कबूल केलं. जवळचं वाचायला फक्त एक साधा चष्मा करून दिला. काळजी मिटली.

७ एप्रिल

आज सरळबाईंकडे. सगळं उत्तम. वाकून दाखवलं, वळून दाखवलं.

एक गोष्ट इथेच लिहिते. परवापासून पळून झाल्यावर डाव्या पावलात, अंगठ्याच्या जवळ, जरासं काहीतरी होतं. मुंग्या म्हणता येणार नाहीत. मुंग्या म्हटलं की वारूळ डोळ्यासमोर येतं. ही फार तर एक मुंगी, तीही वाट चुकलेली. सरळबाईंनी "पायात काही?" विचारलं तेव्हा मी म्हटलं, "रग." त्यांनी मान डोलावली आणि पुढचा टप्पा दिला. एका मुंगीसाठी पुन्हा पहिलीत जाऊन बसायची माझी तयारी नाही. पाय माझा आहे, मला कळतं.

१६ एप्रिल

तळ्याची अर्धी फेरी, न थांबता! आणि सबंध वेळ तोंड चालू. लग्नाच्या फोटोत चांगली दिसेल अशी फ्रेम मागणाऱ्या आणि नवरा मुलगा अजून न ठरलेल्या बाईंची गोष्ट अर्ध्या फेरीला पुरली. बाबा मागून "मग? मग?" करत होते. आईच्या माघारी आम्ही इतकं बोललोच नव्हतो, हे आज लक्षात आलं. आई होती तेव्हा आमच्या दोघांच्या वाटचं तीच बोलायची.

मुंगी आली होती. गेली.

बाबांना पेपर वाचताना हल्ली बघितलं नाही. विचारलं तर म्हणाले, "असतं काय त्यात? तू सांगतेस तेच बरं."

२६ एप्रिल

लिहावंसं वाटत नाहीये. तरी लिहितेच.

सकाळ इतकी सुंदर होती की माझं डोकं फिरलं. अंग हलकं, हवा गार, माती ओली. मी म्हटलं, आज माझ्या जुन्या बाजूने, उजवीकडून. बाबा कुरकुरले. मी ऐकलं नाही. थोडा वेळ गप्पा मारत गेले, आणि मग पाय आपोआप सुटले. किती महिन्यांनी! वाक्य तुटलं. मी ते तुटू दिलं. मागून "बोल" आलं, मी उत्तर दिलं नाही. आणखी एकदा आलं, लांबून. मग फक्त माझा श्वास. मला तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू.

वाट जिथे दुभागते, एक तळ्याकाठी आणि एक रोपवाटिकेकडे, तिथून मी बरीच पुढे गेले होते. तेव्हा सायकलची घंटी ऐकू आली. एकदा नाही, सारखी, थांबत थांबत. मी वळले. वळताना डावं पाऊल नीट उचललं गेलं नाही, आणि पोटरीपासून अंगठ्यापर्यंत अख्खं वारूळ उठलं. चालत मागे आले.

बाबा फाट्यावर उभे होते. सायकल अर्धी मेंदीच्या कुंपणात, एक पाय टेकलेला, गालावर ओरखडा. ऊन थेट तोंडावर. काळा चष्मा काढून हातात धरलेला, आणि रोपवाटिकेच्या वाटेकडे बघत घंटी वाजवत होते. मी जवळ गेले. अगदी जवळ, हात लावता येईल इतकी. धाप लागली होती म्हणून तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि म्हणाले,

"अहो बाई, जरा ऐका. इथून कुणी पळत गेलं का? माझी मुलगी आहे. राखाडी टोपी घातलीय. तिच्या पाठीचं दुखणं आहे हो, तिला एकटीला सोडायचं नाहीये."

माझी टोपी निळी आहे.

मी म्हटलं, "बाबा." एवढंच. त्यांचा चेहरा आधी खुलला आणि मग पडला. दोन्ही मी बघितलं. आम्ही दोघं तिथे कुंपणाशी उभे राहिलो आणि मी ढसाढसा रडले. येणारेजाणारे बघत होते, बघू देत.

सायकल हातात धरून घरी आलो. मी लंगडत, ते माझा खांदा धरून.

२६ एप्रिल, दुपारी

त्यांना दुकानात नेलं. रस्ताभर म्हणत होते, उन्हामुळे झालं, आत चांगलं दिसतं. खुर्चीत बसले. डोळा झाकायच्या आधीच शेवटची ओळ म्हणायला लागले, धडाधड.

धाकटीने सकाळी शाळेच्या मुलांसाठी तक्ता फिरवून ठेवला होता. समोर घर, होडी, छत्री.

ती तोंडावर हात ठेवून आत निघून गेली. मी टॉर्च घेतला. डोळ्यात टॉर्च मी कुणाच्या मारते? ज्याला वाचता येत नाही त्याच्या. बाबांना सगळं वाचता येत होतं, म्हणून मारला नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर पिकायला आलेला, दुधाळ. कोणीही शिकाऊ पोरगी सांगेल. आणि मी रोज त्यांच्यासमोर जेवायला बसते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू आडवी झालीस त्याच्या आधीपासून थोडं थोडं. मग वाढलं."

"आणि तक्ता?"

"तुझी वाट बघत बसायचो तेव्हा त्या बाकावरून उठून जवळ जाऊन बघायचो. पाठ करायची सवय आहे. डेपोत वार्षिक तपासणीला रांगेत उभं राहून आम्ही सगळेच पाठ करायचो. पुढचा मागच्याला सांगायचा." मग म्हणाले, "ऑपरेशन केलं असतं तर मलाच वाकू नका, उचलू नका, धूर नको. तू आडवी. एका घरात दोघं आडवे झाले तर पेला कोण देणार? म्हटलं तू आधी पळायला लाग."

"आणि त्या आंधळ्या डोळ्यांनी सायकल?"

"तुझ्या आवाजावर चालवत होतो. बस नसती चालवली, देवाशपथ. त्या वाटेवर गाड्या नाहीत, आणि तू बोलत होतीस ना. आज बोलली नाहीस."

मला वाटत होतं तो "बोल" माझ्या पाठीसाठी आहे. त्यांच्यावर ओरडले. पुष्कळ ओरडले, गिऱ्हाईक दारातून परत गेलं. सगळं ओरडून झाल्यावर मग मीच मुंगीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तूही पाठ करून गेलीस."

२८ एप्रिल

सरळबाईंना सगळं खरं सांगितलं. मुंगीची तारीखही. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. पाऊल वर उचलायला लावलं, अंगठ्यावर हात दाबून जोर बघितला, सुईने टोचून बघितलं. ताकद शाबूत आहे. नशीब. पळणं बंद, फक्त चालणं, आणि रोज संध्याकाळी फोन. "आता पुन्हा विचारते," म्हणाल्या, "रग की मुंग्या?"

"मुंग्या," मी म्हटलं. एकही जास्त नाही, एकही कमी नाही, असं त्यांनी लिहून घेतलं.

वाईट वाटलं, पण डोक्यावरचं ओझं उतरलं. आपण परत पळणार याबद्दल मला आजही शंका नाही. फक्त आता मी सांगेन ते खरं असेल.

१४ मे

बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मला उचलायची बंदी, त्यांना वाकायची. धाकटी आठवडाभर राहायला आलीय आणि आम्हा दोघांना हुकूम सोडतेय. जमिनीवर चमचा पडला तर आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो आणि तिला हाक मारतो.

पट्टी काढली तेव्हा बाबा खिडकीकडे बघत राहिले. मग खुंटीकडे. म्हणाले, "ही निळी टोपी कधी घेतलीस?"

२ जून

मुंग्या गेल्या, पुन्हा पळायला सुरुवात. पहिलीपासून. थोडं पळा, थोडं चाला. दोन आज्यांनी परत मागे टाकलं. यावेळी एकीने हात केला, मीही केला.

बाबांना सायकल अजून मना आहे. ते बाकावर बसतात आणि मी तेवढ्याच भागात येरझारा घालते. आज मला थांबवून म्हणाले, "एक विचारू? तू नेहमी अशीच पळतेस? डावा खांदा पाडून?" मी म्हटलं, इतके दिवस काय बघत होतात? तर म्हणाले, "काहीच नाही."

सरळबाईंना सांगितलं. त्यांनी मला पळवून बघितलं आणि म्हणाल्या, वडील बरोबर बोलतायत. आता खांद्याचे व्यायाम वाढले. नजर आल्याचे तोटे.

२९ जून

जून संपायला एक दिवस असताना.

आज सायकलला परवानगी होती. बाबांनी चाकात हवा भरली, काळा चष्मा घरी ठेवला. तळ्यापाशी मी विचारलं, कुठल्या बाजूने? "तुझ्या," ते म्हणाले. ऊन तोंडावर घेऊन निघालो.

हळू. इतकं हळू की मागच्या वर्षीची मी हसली असती. मला तिची फिकीर नाही. दुकानातलं सगळं सांगून संपलं तेव्हा आईच्या गोष्टी काढल्या. एक त्यांनी सांगितली, मला ठाऊक नसलेली, ती नव्या बसमध्ये पहिल्यांदा बसून शेवटच्या थांब्यापर्यंत गेली आणि उतरायलाच विसरली. रोपवाटिकेचा फाटा आला आणि गेला. पावलात काही नाही. मांडीत रग, चांगली रग. माळ्याचा कोट कुंपणावर होता, बाबांनी त्याला हात केला आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

शेवटचं वळण दिसलं तसं माझं वाक्य मध्येच तुटलं. वेग तोच होता, पण शब्द फुटेना. घाबरतील म्हणून मागे वळून बघितलं. ते सावकाश पायडल मारत माझ्याकडेच बघत होते.

"दिसतेयस तू मला," ते म्हणाले. "तरी बोल."

म्हणून मग उतरायला विसरलेल्या आईची गोष्ट मी पहिल्यापासून परत सांगायला लागले, आणि ती संपायच्या आत फेरी पूर्ण झाली.